माणसं बसवून लावलेले दिवे

धनत्रयोदशीच्या सकाळी कुमुद चिवड्याचे पोहे भाजत होती. पातळ पोहे म्हणजे नाजूक प्रकरण. क्षणभर नजर हलली की आकसून त्यांचा भुगा. म्हणून ती एका हाताने मोठ्या पातेल्यात झारा फिरवत होती आणि दुसऱ्या हाताने खोबऱ्याच्या कापांवर बसू बघणारी माशी हाकत होती. मागच्या वाडीतली गार सावली स्वयंपाकघराच्या उंबऱ्यापर्यंत आली होती. पलीकडे समुद्र होता, पण तो इतका रोजचा, की त्याचा आवाज ऐकायचा तर हातातलं काम थांबवावं लागे.

ठक. ठक ठक.

"अहो, दार वाजतंय."

"आपल्याकडे दार कोण वाजवतंय?" पडवीतून देवव्रत म्हणाला. पेपरातून डोकं काही वर आलं नाही.

तेही खरंच. दिवेआगरात माणूस बेड्यापासूनच, अंगणाच्या फाटकापासूनच, हाका मारत येतो. दार वाजवतो तो कुरिअरवाला, नाहीतर आपलं होमस्टे समजून भलत्याच घरी आलेला पर्यटक. कुमुदने गॅस बारीक केला, पदराला हात पुसले आणि ती पुढे गेली. दार सताड उघडं. दारात कोणी नाही. आणि तरी ठक ठक चालूच.

आवाज अंगणातून येत होता. देवव्रतच्या जीपसमोर एक माणूस उकिडवा बसला होता. बोट मुडपून तो जीपच्या बंपरवर टकटक करत होता आणि कान इतका जवळ नेला होता, की कोणाला वाटावं, आत कोणी दडून बसलंय.

"तुळशीराम! अहो, काय ऐकताय?"

"लोखंड किती उरलंय ते, वैनी." त्याने पुन्हा टकटक केलं. "ह्या अंगाला बोलतंय बघा. आणि हिकडं मुकं हाय. खारी हवा आतून खाते. वरून रंग झकास."

"माझ्यासारखं," पडवीच्या पायरीवरून तात्या म्हणाले. तात्या म्हणजे कुमुदचे सासरे, चौऱ्याऐंशी वर्षांचे. गुडघ्यांनी त्यांना पायरीपुरतं ठेवलं होतं, पण जीभ अजून अख्ख्या पाखाडीत फिरून येई.

देवव्रतने बँकेतून निवृत्त झाल्यावर ही चारही चाकांना जोर असलेली जुनी जीप घेतली. पुळणीकडच्या वाडीतून नारळ आणायला, असं तो सांगे. तात्या तिला रणगाडा म्हणत. दर भाऊबीजेला पहाटे निघून, म्हसळ्यापुढचा घाट चढून, माणगावला आश्लेषावन्संकडे जायचं, हा घरातला नेम. यंदा मोतीबिंदू काढल्यापासून देवव्रतला घाटातलं धुकं दुधाच्या पातेल्यासारखं दिसू लागलं होतं. तेव्हा बंपरवर दोन जादा पिवळे दिवे लावायचे ठरलं, आणि बोर्लीहून तुळशीरामला बोलावणं गेलं.

तुळशीरामला पाहिल्यावर कुमुदच्या मनात आधी दिवे आलेच नाहीत. साडी आली. भाऊबीज चार दिवसांवर, आणि यंदा तो साडी दाखवायला आला नव्हता.

सात वर्षं त्याच्या बहिणीची साडी कुमुदच निवडत आली होती. दिवाळीआधी तो दोन-तीन साड्या कागदात गुंडाळून आणी, पायरीवर पसरी आणि म्हणे, "सखूला कंची शोभंल?" सखुबाईला कुमुदने जन्मात पाहिलं नव्हतं. पण तिचा रंग उजळ, तिला जांभळा आवडत नाही, आताशा ती थोडी सुटली आहे, हे तिला सगळं पाठ. निवडलेली साडी मग एसटीच्या कंडक्टरच्या हाती माणगावच्या वाटेवर, घाटमाथ्यावरच्या करंजवाडीला जाई. तुळशीराम जात नसे. त्याची बायको आपल्या भावाला ओवाळायला जाई आणि हा बोर्लीतल्या गॅरेजात बसून कुणाच्या तरी बॅटऱ्या चार्ज करी.

गेल्या वर्षी साडी परत आली. बरोबर निरोप, तोही कंडक्टरने चारचौघांत स्टँडवर मोठ्याने सांगितलेला: "साडी कंडक्टर आणतो, तर मी ओवाळू कुणाला? कंडक्टरला? यायचं तर भाऊ यावा, न्हायतर ह्यापुढं साडी पन नको."

स्टँडवरचे लोक हसले. कंडक्टरही हसला. तुळशीराम साडी काखेत मारून गॅरेजात गेला आणि दोन दिवस त्याने शटर उघडलं नाही. हे सगळं कुमुदला त्याच्या बायकोने सांगितलं होतं. ह्या वर्षी तो गेला नाही, तर बहीण गेलीच म्हणायची.

"चहा टाकते," कुमुद म्हणाली. साडीचं विचारणं ओठांवर आलं होतं, ते तिने गिळलं.

"आधी काम, वैनी. मंग चा."

काम करताना तुळशीरामकडे बघत राहावं असं असे. त्याचा बाप पोफळीवर चढणारा. एका झाडाच्या शेंड्यावरून झोका घेऊन दुसऱ्या झाडावर जायचा, खाली न उतरता अख्ख्या वाडीची सुपारी उतरवायचा. पोराला मात्र उंचीची भीती. दुसऱ्याच पोफळीला अर्ध्यावर खोडाला मिठी मारून बसला, तो चौघांनी उतरवला. बाप म्हणाला, ह्याला जमिनीवरचं काहीतरी शिकवा. म्हणून तो श्रीवर्धनला दिनानाथ मिस्त्रीच्या हाताखाली गेला आणि तारांचं काम शिकला. कुठलीही गाडी आली की तो आधी तिच्याशी गप्प बसे. मग हात घाली.

बंपरचा खाल्लेला पत्रा सोडून त्याने दिव्यांच्या पट्ट्या थेट मागच्या जाड चॅसीला पकडल्या. बोल्टखाली सायकलच्या जुन्या ट्यूबचे गोल तुकडे कापून घातले, हादऱ्याने नट ढिले होऊ नयेत म्हणून. अर्थची तार जोडण्याआधी जागा कानशीने घासून लोखंड नाण्यासारखं चकचकीत केलं, तार आवळली आणि वरून ग्रीस फासलं. बॅटरीजवळ फ्यूज, त्याच्या पुढे रिले, आणि तिथून एक तार आत, देवव्रतच्या डाव्या गुडघ्यापाशी वेगळ्या स्विचला.

"समोरून गाडी आली की ह्यो बंद करायचा, भाऊ. समोरच्याचे पन डोळेच असतात."

"आणि बंद करायला विसरलो तर?"

"तर त्यो शिव्या देईल. कुणाला? लायटी लावणाऱ्याला."

दुपारपर्यंत दिवे बसले. पितळी डब्याच्या झाकणाएवढे, गोल, पिवळ्या काचेचे. देवव्रतने उत्साहाने स्विच दाबला. भर उन्हात ते जेमतेम लुकलुकले.

"झालं तर मग! किती द्यायचे?"

"झालं कुठं? आता माणसं बसवायची."

तुळशीरामने स्पॅनर फडक्याला पुसला. "लायट गाडीला न्हाय लावायची, भाऊ. गाडी आनि माणसं दोघांना मिळून लावायची. मागं माणसं बसली की गाडीचं नाक वर जातं. नाक वर गेलं की उजेड वर जातो. तुम्ही कोन कोन जानार?"

"मी, कुमुद. आणि अजेय येतोय पुण्याहून उद्या."

"कोन कुठं बसनार?"

"अजेय मागे, कुमुदही मागे. पुढच्या सीटवर फराळाचे डबे आणि नारळ."

"मग मलाही बसव की रे," तात्या म्हणाले. "मी जाणार नसलो म्हणून काय झालं! एवढा रणगाडा घरात, मला एकदा बसवला नाही कोणी."

"जानाऱ्यांचंच वजन धरायचं, तात्या."

"बघ सूनबाई. मोजदादीतनंसुद्धा गेलो."

ही पद्धत तुळशीरामची एकट्याची. बोर्ली पंचक्रोशीत लोक तिला हसत, आणि जादा दिवे लावायचे तर त्याच्याकडेच येत. तिच्यामागची गोष्ट सगळ्यांना माहीत होती, म्हणून ती कोणी सांगत नसे.

आठ वर्षांपूर्वी सखुबाईच्या नवऱ्याने, रामचंद्राने, अशीच एक जीप घेतली. मेहुण्याची गाडी म्हणून तुळशीरामने दिवे फुकट बसवले. गॅरेजातल्या भिंतीसमोर, रिकाम्या गाडीवर, अगदी मापात. रामचंद्र त्याच दिवाळीत पहाटे सुपारीची अकरा पोती मागे टाकून घाट उतरायला लागला. मागचं ओझं बसलं, नाक उचललं, आणि उजेड सगळा झाडांत गेला. रामचंद्र नंतर दवाखान्यात म्हणाला होता, "झाडाचं पान न् पान दिसत होतं, पाव्हणं. निस्ता रस्ताच दिसत नव्हता." मोरीचा कठडा त्याला दिसला तो गाडी त्यावर चढल्यावर. जीव वाचला. उजवा पाय गुडघ्यात वाकेनासा झाला तो झालाच.

कोणी तुळशीरामला दोष दिला नाही. सखुबाईने तर चकार शब्द काढला नाही. दवाखान्यात तिने भावाला डब्यातली अर्धी भाकरी काढून दिली. ती भाकरी खाल्ली, आणि त्यानंतर तो तिच्या दारात गेला नाही. मध्ये एकदा गेला होता, हे फक्त त्याच्या बायकोला ठाऊक. एसटीने करंजवाडीच्या स्टॉपवर उतरला, बहिणीच्या घराचं कौल तिथून दिसतं, ते बघत तासभर उभा राहिला आणि खाली येणाऱ्या गाडीत बसून परत आला.

उजेडाचं माप घ्यायला लागते तशी पंचवीस फुटांवर भिंत, आणि समोर सपाट जमीन, असं ठिकाण ह्या घरात एकच. सुपारी वाळवायचं खळं. कुमुदने ते कालच शेणाने सारवलं होतं.

"नाही हं," ती म्हणाली. "माझ्या खळ्यात रणगाडा नाही घालायचा."

"गोणपाट टाकतो चाकांखाली. रेघ उमटली तर मी सारवून देईन, वैनी. बायकोची शपथ."

"बायकोची कशाला? स्वतःची घ्या."

"माझी कोन धरतो!"

कुमुद हसली, आणि हसली म्हणजे परवानगीच. गोणपाटं अंथरून जीप खळ्यात आली. तुळशीरामने एका पसरट ताटलीत पाणी ओतून ती खळ्यात चार जागी ठेवून बघितली. पाणी चारही जागी सरळ. "सुपारी वाळवणाऱ्या बाईचा हात," तो पुटपुटला. मग रांगोळीच्या डब्यातला गेरू मागून घेतला आणि कोठीच्या पांढऱ्या भिंतीवर दिव्यांच्या उंचीला एक रेघ ओढली, तिच्या चार बोटं खाली दुसरी.

अजेयच्या जागी नारळांचं पोतं ठेवायचं ठरलं. "वजन किती दादांचं?"

"बहात्तर," कुमुद म्हणाली.

"आईनं सांगितलेलं बहात्तर, म्हंजे अठ्ठ्याहत्तर धरतो." वाडीतल्या काट्यावर त्याने पोतं भरलं, तोंड शिवलं आणि मागच्या सीटवर नीट टेकवून बसवलं. पट्टासुद्धा लावला. पोतं अजेयसारखंच जरा डावीकडे कललेलं बसलं. तात्या पायरीवरून म्हणाले, "काय रे, आजोबांना नमस्कार नाही?"

मग संध्याकाळची वाट बघणं आलं. वाडीला अंधार बाहेरच्यापेक्षा अर्धा तास आधी येतो. वादळात पडलेल्या पोफळींच्या जागी लावलेली रोपं आता पुरुषभर उंच झाली होती, पण त्यांच्यावर आभाळाचा तुकडा अजून उघडाच होता. त्यातून आधी केशरी, मग राखाडी उजेड उतरत गेला. कुठेतरी वटवाघूळ फडफडलं. कुमुदने दक्षिणेकडे तोंड करून यमाचा कणकेचा दिवा लावला, हात जोडले आणि ती जीपमध्ये जाऊन पोत्याशेजारी बसली.

देवव्रत स्टिअरिंगवर. पुढच्या सीटवर डबे. समोर तुळशीराम, हातात स्पॅनर.

"लावा."

स्विच खट्ट वाजला आणि भिंत पेटल्यासारखी उजळली. दोन पिवळी वर्तुळं, मधे एकमेकांत मिसळलेली. कोठीच्या चुन्यावर पावसाळ्यातली ओल धरली होती, तिचे डाग त्या उजेडात डोंगरांसारखे दिसू लागले. एकामागे एक, फिके, धुक्यातले. जीप जागची हलत नव्हती. तरी कुमुदला वाटलं, आपण निघालो. म्हसळा मागे पडलं. डाव्या हाताला दरी असणार, गार वारा येतोय. पुढे वळण, त्यापुढे आणखी एक वळण, आणि कुठल्याच वळणाला भीती नाही. देवव्रतचे दोन्ही हात स्टिअरिंगवर तसेच, जणू तोही चालवत होता. त्याच्या मानेवरच्या पांढऱ्या केसांना पिवळी कड आली होती. शेजारी पोतं होतं, पण कोपर लागलं तेव्हा तिने सवयीने अंग चोरलं, पोराची झोप मोडू नये म्हणून. समुद्राचा आवाज आता स्पष्ट येत होता. तो चाकांचा आवाज आहे असंही चाललं असतं.

"कोनी हालू नका," तुळशीराम म्हणाला. "श्वास चालंल."

किती वेळ गेला कुणास ठाऊक. तो स्क्रू पाव फेरा फिरवी, मागे जाऊन भिंत बघे, पुन्हा येई. वर्तुळं हळूहळू खाली सरकत गेली आणि त्यांचा गाभा खालच्या रेघेवर येऊन थांबला.

"आता रस्ता दिसंल," तो म्हणाला, आणि उठून कंबर सरळ केली.

तेवढ्यात देवव्रतचा फोन वाजला. अजेय. देवव्रत दोनदा "बरं" म्हणाला, एकदा "अरे पण", आणि मग त्याने फोन ठेवला.

"सुट्टी नाही मिळाली. पाडव्याला येतोय, त्याच संध्याकाळी परत."

भिंतीवरचे डोंगर पुन्हा ओलीचे डाग झाले.

"मंग पोतं काढाया हवं," तुळशीराम हळूच म्हणाला.

"राहू दे ना," कुमुद म्हणाली. "एवढं छान लागलंय. एका माणसाने असा काय फरक पडतो?"

"पडतो, वैनी."

त्याने पट्टा सोडला आणि पोतं दोन्ही हातांनी उचलून खळ्यात ठेवलं. जीपने श्वास सोडल्यासारखं केलं आणि मागची बाजू वर आली. दोन्ही वर्तुळं भिंतीवरून निसटली, रेघेच्या खाली उतरली, पार जोत्यापाशी गेली. उजेडात खळ्याचं सारवण दिसत होतं, चाकांपुढचं गोणपाट दिसत होतं. लांबचं काहीच नाही.

तुळशीराम परत समोर येऊन उकिडवा बसला. स्पॅनर स्क्रूला लावला. पण फिरवला नाही. त्याच्या तोंडावर पिवळा उजेड होता आणि त्या उजेडात कुमुदला दिसलं, की त्याने आज दाढी केली आहे, आणि शर्ट इस्त्रीचा आहे. कामावर येताना तो असला शर्ट घालत नाही.

"यंदा साडी दाखवली नाहीत," ती म्हणाली. आता थांबवणं तिला जमलं नाही.

"ती गेल्या वर्षीचीच हाय. परत आलेली. तुमीच निवडलेली." स्पॅनरकडे बघत तो म्हणाला, "पिशवीत हाय. आनलीय बरोबर."

पायरीवर तात्यांनी खोकायला तोंड उघडलं होतं, ते तसंच मिटलं.

"दोन बस हायेत करंजवाडीला," तुळशीराम म्हणाला, कुणाकडेच न बघता. "म्हायीत हाय मला. पन एकटा गेलो की मी स्टॉपवरनंच परत येतो. पाय धरत न्हाय." तो उठला. हातातला स्पॅनर फडक्याला पुसला, दांड्याची बाजू पुढे करून पायरीपाशी गेला आणि तात्यांच्या हातात दिला. "तात्या, तुमी जानार न्हाय, तेव्हा स्क्रू तुमाला फिरवावा लागंल. मी सांगतो तसा. पाव फेऱ्याहून जास्ती न्हाय."

तात्या उठले. देवव्रत उतरायला लागला, तसे त्याला हातानेच बसवून, भिंतीचा आधार घेत, एकेक पाऊल टाकत ते खळ्यात आले आणि दिव्यांसमोर कसेबसे खाली बसले.

तुळशीरामने चपला खळ्याच्या कडेला काढल्या. मागच्या सीटवर चढून तो कुमुदच्या शेजारी रिकाम्या जागेवर बसला. जीप हलली, आणि समोरच्या भिंतीवर उजेड चढू लागला. त्याने दोन्ही हात मांडीवर ठेवले. पट्टा लावला.

"वैनी," तो म्हणाला, "भाऊबीजेला मला सखूच्या दारापर्यंत सोडा. स्टॉपवर नको, दारापर्यंत. आनि ती दार उघडीपर्यंत गाडी हालवू नका."